तापलेले इंजिन आणि शांत डोके

तंजावर हे नाव उच्चारले की मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर, आणि त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा विस्तीर्ण मराठी शिलालेख. त्यापाठोपाठ आठवते ते सरस्वती महाल ग्रंथालय, तेथील मोडी दफ्तरे, आणि १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले विद्याव्यासंगी सरफोजी महाराज. कावेरीच्या काठी मराठी भाषा शतकानुशतके कशी नांदली, हा विषय मोठा रम्य आहे. परंतु आजच्या भाषणाचा विषय त्या मानाने फारच सामान्य, किंबहुना काहीसा तेलकट आहे. तंजावरच्या शेतात भर दुपारी बंद केलेले, आणि तापलेले असताना पुन्हा चालू होण्यास साफ नकार देणारे डिझेल इंजिन, हा तो विषय होय.

इतक्या दूरच्या इंजिनाची उठाठेव मराठी श्रोत्यांनी का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे एक उत्तर असे की, हे इंजिन पुष्कळदा आपल्याकडचेच असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना उभा राहिला. तेथून निघालेली इंजिने देशभरच्या विहिरींवर आणि नदीकाठांवर जाऊन बसली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे तंजावरास गेले ते तलवार घेऊन. विसाव्या शतकात महाराष्ट्रातून कावेरीच्या खोऱ्यात गेले ते पाणी उपसणारे यंत्र. दुसरे उत्तर असे की, जो विकार तंजावरच्या इंजिनाला होतो तोच जळगावच्या, नगरच्या आणि लातूरच्या इंजिनालाही होतो. यंत्राला प्रांत नसतो.

तथापि तंजावरात या विकाराला जी तीव्रता येते तिचे कारण तेथील शेतीच्या वेळापत्रकात आहे. कावेरीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे भाताचे कोठार. करिकाल चोळ राजाच्या नावाशी जोडलेला कल्लणैचा प्राचीन बंधारा येथे नदीचे पाणी वाटून देतो, आणि १९३४ साली पुरे झालेले मेट्टूरचे धरण ते पाणी साठवून ठेवते. दर वर्षी १२ जून रोजी मेट्टूरचे दरवाजे उघडावेत, असा संकेत आहे. त्या पाण्यावर ‘कुरुवै’ हे अल्प मुदतीचे भातपीक उभे राहते, आणि पुढे ‘सांबा’ व ‘ताळडी’ ही पिके घेतली जातात. पण धरणात पाणीच नसेल तर संकेत कोण पाळणार? २०१२ पासून २०१९ पर्यंत ओळीने आठ वर्षे १२ जूनचा मुहूर्त साधला नाही; तो पुन्हा साधला २०२० साली. २०२४ सालीही जून कोरडा गेला आणि दरवाजे उघडले ते जुलैच्या अखेरीस. अशा वर्षी कुरुवैची रोपे जगवायची तर भिस्त जमिनीखालच्या पाण्यावर. त्रिभुज प्रदेशातील वाळूच्या थरात उथळ नळी उतरवून तिच्या तळाशी जाळी बसवतात. हिलाच तेथे ‘फिल्टर पॉइंट’ म्हणतात. आज त्यांतील पुष्कळ पंप विजेवर चालतात हे खरे. परंतु जेथे विजेची जोडणी नाही, किंवा जेथे ऐन वेळी वीज नाही, तेथे आधार डिझेल इंजिनाचाच.

आणि वीज नसण्याची वेळ किती अकल्पितपणे येते, हे या प्रदेशाने पाहिलेले आहे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे ‘गजा’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले. तंजावर जिल्ह्यातील पट्टुकोट्टै आणि पेरावुरणीच्या बाजूला नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, आणि गावोगावी डिझेलवरची जनित्रे आणून पिण्याच्या पाण्याच्या टाक्या भराव्या लागल्या. अशा वेळी एकच जनित्र एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचे असते. ते बंद करावे लागते, आणि तापलेले असतानाच पुन्हा चालू करावे लागते. त्या क्षणी त्याने हट्ट धरला तर अडून राहते ते माणसांच्या तोंडचे पाणी.

आता विकाराचे स्वरूप पाहू. नेहमी घडणारे एक उदाहरण घ्यावे. पहाटे पाचला शेतकरी इंजिनाला हँडल मारतो. दोन-तीन फेऱ्यांत इंजिन सुरू होते आणि सकाळभर सुरळीत पाणी ओढते. साडेअकराला तो जेवणासाठी इंजिन बंद करतो. अर्ध्या तासाने येऊन पुन्हा हँडल मारू लागतो तो इंजिन नुसते फिरते, पेटत नाही. शेतकरी घामाघूम होतो, शेजारच्याला हाक मारतो, दोघे मिळून प्रयत्न करतात, व्यर्थ. शेवटी कंटाळून सोडून देतात. उन्हे उतरल्यावर साडेचारला पुन्हा हँडल मारावे, तर तेच इंजिन जणू काही घडलेच नाही अशा थाटात चालू होते. मधल्या चार तासांत वाफ्याला भेगा पडलेल्या असतात. मग शेतकरी एक युक्ती करतो: तो इंजिन बंदच करीत नाही. पाणी हवे असो वा नसो, इंजिन चालूच. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे एक लिटर डिझेल पिते, हे लक्षात घेतले म्हणजे या युक्तीची किंमत ध्यानी येते.

येथे विचारी माणसाला एक कोडे पडते. थंडीत इंजिन लवकर सुरू होत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण गरम असताना का होऊ नये? डिझेल इंजिनाला तर उष्णताच हवी असते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९३ साली आउग्सबुर्ग येथे या इंजिनाचा पहिला प्रयोग केला आणि १८९७ साली त्याला निर्विवाद यश मिळाले. त्याच्या कल्पनेचे वैशिष्ट्य असे की, या इंजिनात ठिणगी नाहीच. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचा तळ गरम लागतो, हा सर्वांचा अनुभव आहे. तीच गोष्ट येथे पराकोटीला नेलेली असते. सिलिंडरमधली हवा दट्ट्याने दाबून मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढी केली जाते. तिचे तपमान पाचशे अंश सेल्सियसच्याही वर जाते. आणि त्या तप्त हवेत डिझेलचा अत्यंत बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. म्हणजे इंजिन पेटण्यास तीन गोष्टी लागतात: हवा पुरेशी दाबली गेली पाहिजे, डिझेल योग्य वेळी फवाऱ्याच्या रूपाने आत आले पाहिजे, आणि या दोन्ही क्रिया घडाव्यात इतक्या वेगाने इंजिन फिरले पाहिजे. गरम इंजिनात हवा अधिकच तापावी, आणि काम सोपे व्हावे. तरीही ते होत नसेल, तर या तिघांपैकी कोणती तरी एक गोष्ट उष्णतेने बिघडते आहे, एवढा निष्कर्ष खोलीत बसूनही काढता येतो. थंडीत न पेटणारे इंजिन आणि उष्णतेत न पेटणारे इंजिन हे दोन वेगळे रोगी आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला देऊन चालणार नाही.

दुर्दैवाने व्यवहारात नेमके तेच चालते. इंजिन सुरू होत नाही म्हटल्यावर कोणी नोझल बदलतो, कोणी रिंगा बदलतो, कोणी हेड उतरवतो. प्रत्येक वेळी संध्याकाळी, इंजिन निवल्यावर, ते सुरू होते आणि दुरुस्ती सफल झाली असे वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यात मिस्त्रीचा लबाडपणा असतोच असे नाही. बहुधा तो बिचारा थंड इंजिनाला गरम इंजिनाचा प्रश्न विचारत असतो. जो विकार दुपारी दिसतो त्याची परीक्षाही दुपारीच झाली पाहिजे. एरवी सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे.

परीक्षेचा आरंभ हत्यारांनी नव्हे, प्रश्नांनी करावा. पहिला प्रश्न असा: बंद केल्यावर एका मिनिटाच्या आत पुन्हा हँडल मारले तर इंजिन सुरू होते का? आणि वीस-पंचवीस मिनिटे थांबून मारले तर? पुष्कळदा आढळते की, लगेच सुरू होते, वीस मिनिटांनी होत नाही, आणि काही तासांनी पुन्हा होते. याचे कारण सोपे आहे. इंजिन चालू असते तोवर फिरते पाणी किंवा वाहता वारा त्याची उष्णता नेत असतो. बंद होताच पाणी थांबते. पण सिलिंडरच्या ओतीव लोखंडातली उष्णता कोठे जाणार? ती हळूहळू बाजूच्या इंधन पंपात आणि नळ्यांत शिरते. अशा रीतीने बंद झाल्यानंतर काही वेळ हे भाग चालू असतानापेक्षाही अधिक तापतात. चुलीवरून उतरवलेल्या जाड बुडाच्या भांड्यातले दूध खाली ठेवल्यावरही थोडा वेळ उकळत राहते, तसाच हा प्रकार.

दुसरा प्रश्न: हँडल मारताना धुराड्यातून धूर येतो का, आणि कोणत्या रंगाचा? हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण तो एका क्षणात अर्धे रान साफ करतो. मुळीच धूर नसेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचतच नाही. शोध इंधनाच्या वाटेने करावा. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत जाते पण पेटत नाही. शोध हवेच्या दाबाकडे, झडपांकडे, किंवा आत पाणी शिरते काय याकडे वळवावा. काळा धूर येत असेल, तर डिझेल जास्त आणि हवा कमी. हवेची चाळणी आणि पंपाची मोजणी पाहावी. धूर न पाहता पाना हातात घेणे म्हणजे नाडी न पाहता काढा देणे.

समजा, धूर नाही. मग इंधनाची वाट टाकीपासून पाहत यावी. टाकी मध्यंतरी रिकामी झाली होती काय? तसे असेल तर नळीत हवा शिरली आहे. फिल्टरचा आणि पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे बंद होईपर्यंत हवा काढली की काम भागते. डिझेलची नळी सायलेन्सरला घासून तर जात नाही ना? जात असेल तर ती दूर बांधावी. एवढे सारे ठीक असेल, तर मग संशयित एकच उरतो, आणि तो म्हणजे इंधन पंपातील प्लंजर.

या प्लंजरची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हा पोलादाचा छोटा दांडा बॅरल नावाच्या नळीत खालीवर होतो आणि डिझेलला असा दाब देतो की, नोझल उघडून त्याचा फवारा उडावा. या नोझलला उघडण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोग्रॅमच्या आसपास दाब लागतो. एवढ्या दाबाखाली डिझेल मागे निसटू नये म्हणून प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांइतकीच ठेवलेली असते. माणसाच्या केसाची जाडी या फटीच्या वीस-पंचवीस पट असते. भारतात असे पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले ते बंगळूरला १९५१ साली स्थापन झालेल्या ‘मायको’सारख्या कारखान्यांमुळे. तोवर हे सूक्ष्म काम परदेशांतूनच येत असे. या जोडीत मध्ये रबर नाही, चामडे नाही. पोलादाला पोलादाचीच बिजागरी, आणि वंगण म्हणून खुद्द डिझेल.

आता कल्पना करा की वापराने ही फट थोडी वाढली आहे. सकाळी डिझेल थंड आणि दाट असते; वाढलेल्या फटीतूनही ते सहजी निसटत नाही, आणि इंजिन सुरू होते. एकदा सुरू झाले की ते मिनिटाला दीड हजार फेरे घेते. प्लंजर इतक्या चपळाईने दाबतो की डिझेलला मागे पळायला अवधीच मिळत नाही. म्हणून चालू इंजिनात दोष दिसत नाही. परंतु दुपारी पंप तापतो, डिझेल पातळ होते. चाळीस अंशांना त्याचा जो दाटपणा असतो तो सत्तर-ऐंशी अंशांना सुमारे निम्म्यावर येतो. आणि हाताने हँडल मारताना वेग तो किती? मंद गतीच्या प्लंजरभोवतीचे पातळ डिझेल फटीतून मागे निसटते, नोझल उघडण्याइतका दाब येतच नाही, आणि सिलिंडरमधली तप्त हवा ज्या फवाऱ्याची वाट पाहते तो फवारा उडतच नाही. सकाळ आणि दुपार यांचे कोडे येथे उलगडते. बिघाड सकाळीही असतोच. सकाळचे दाट डिझेल त्यावर पांघरूण घालते, आणि दुपारचे पातळ डिझेल ते ओढून घेते.

याची खातरजमा कशी करावी? जाणते मिस्त्री हँडल फिरवताना नोझलच्या आवाजाकडे कान देतात. नोझल उडत असेल तर प्रत्येक दाबाच्या वेळी कर्र असा तुटक आवाज येतो. सकाळी तो आवाज येतो आणि दुपारी येत नाही, एवढ्याने बरेच कळते. दुसरी परीक्षा ओल्या फडक्याची. ज्वर चढलेल्या मुलाच्या कपाळावर घडी ठेवावी तसे थंड पाण्यात भिजवलेले फडके फक्त इंधन पंपावर गुंडाळावे, पाच-दहा मिनिटांनी ते पुन्हा भिजवावे, आणि मग हँडल मारावे. बाकीचे इंजिन तापलेलेच असताना, केवळ पंप निवताच ते सुरू झाले, तर दोष पंपात आहे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. इंजिन फडक्यामुळे सुरू झाले, की नुसत्या दहा मिनिटांच्या विश्रांतीमुळे? म्हणून एक दिवस फडके न लावता तितकाच वेळ थांबून पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फडके लावून पाहावे. दोन दिवसांच्या या धीराने नको असलेली मोठी दुरुस्ती वाचते. तापलेल्या पंपावर बादलीभर पाणी एकदम ओतण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. इतकी बारीक जोडी अचानक आकसली तर जागीच अडकून बसू शकते. तापलेल्या सिलिंडरच्या हेडवर तर थंड पाण्याचा थेंबही नको. ओतीव लोखंड तडकायला तेवढे पुरते.

दोष पंपात ठरला तर उपाय एकच: प्लंजर आणि बॅरल ही जोडी एकत्रच बदलावी, कारण ती एकमेकांना घासून जुळवलेली असते, आणि पंप परीक्षायंत्रावर मोजून घ्यावा. काही ठिकाणी सोपा मार्ग म्हणून डिझेलचे माप वाढवणारा स्क्रू पिळतात. त्याने दुपारचा हट्ट काही दिवस दबतो. पण इंजिन दिवसभर काळा धूर ओकते आणि वाढलेले डिझेल वायाच जाते. ताप उतरावा म्हणून तापमापक फोडावा, तशातला हा उपाय. स्वस्त पडते म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे तर दुहेरी घातक. रॉकेल मुळातच पातळ. त्याने फटीतून निसटणे वाढते आणि वंगण कमी झाल्याने फटही वाढते.

आता समजा, धूर पांढरा आहे. डिझेल पोहोचते, पण हवा पुरेशी दाबली जात नाही. हाताने चालू होणाऱ्या इंजिनात याची परीक्षा हातालाच कळते. दाब सोडणारी खिट्टी खाली ठेवून हँडल सावकाश फिरवावे. दट्ट्या वर येताना तो हाताला जोराने परत रेटतो की मऊपणे निसटतो? गरम असताना मऊ लागत असेल, तर प्रथम झडपांची फट तपासावी. लोखंड तापले की लांबते. झडपेच्या दांड्याला लांबायला जागा मिळावी म्हणून थंड असताना थोडी फट ठेवलेली असते; मिस्त्री तिला टॅपेटची फट म्हणतात. ती फार कमी असेल, तर तापल्यावर झडप पुरती मिटतच नाही आणि दाब तेथून निघून जातो. हा दोष पंधरा मिनिटांत, बिनखर्चाने, इंजिनाच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे दूर होतो. आणि तो न पाहता कित्येकदा रिंगा बदलल्या जातात. फट बरोबर असेल तरच पुढे हेड गॅसकेट, तडा आणि रिंगा यांचा विचार करावा. गॅसकेटमधून सिलिंडरमध्ये पाणी येत असल्याचा संशय आला, तर हँडल जोराने मारूच नये. पाणी दबत नाही, आणि मग वाकतो तो इंजिनाचा दांडा.

मुळात इंजिन इतके का तापले, हेही विचारले पाहिजे. शेतातल्या पुष्कळ इंजिनांना थंड करणारे पाणी पंपाच्याच धारेतून बारीक नळीने आणलेले असते. फिल्टर पॉइंटची जाळी झिजली की त्या पाण्याबरोबर बारीक वाळू येते आणि ती नळी व सिलिंडरभोवतीची पोकळी हळूहळू बुजवते. तंजावरात बाहेरून इंजिनाचा दोष वाटणारी गोष्ट कधी कधी अशी वीस-तीस फूट जमिनीखाली, जाळीत असते. तसेच हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंखांवर भाताचा भुसा आणि तेल यांचा थर बसतो. तो खरवडून काढण्यास मिस्त्री लागत नाही.

ट्रॅक्टर आणि जनित्रे ही बॅटरीने चालू होतात. त्यांना आणखी दोन विकार संभवतात. तापल्यावर स्टार्टर जड फिरत असेल, तर बॅटरीची टोके आणि जाड तारा हाताने चाचपाव्यात. सैल किंवा गंजलेला जोड गरम लागतो. स्टार्टर झपाट्याने फिरतो, पण धूर नाही, असे असेल तर डिझेल बंद करणारी विजेची खिट्टी, जिला सोलेनॉइड म्हणतात, ती पाहावी. तिची गुंडाळी जुनी झाली की तापल्यावर तिची ओढ कमी पडते आणि डिझेलची वाट बंदच राहते. किल्ली फिरवताच तिचा ‘टक्’ असा आवाज सकाळी येतो आणि दुपारी येत नाही, तर शोध तेथेच संपला.

हे सारे करताना शरीर सांभाळावे. नोझलच्या तोंडासमोर बोट कधीही धरू नये. त्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत शिरतो, वरून टाचणीएवढे छिद्र दिसते आणि आत बोट सडू लागते. तसे झालेच तर जखम लहान म्हणून घरी न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट वाचते. आणि इंजिन पेटत नाही म्हणून हवेच्या तोंडाशी पेट्रोल किंवा ईथर शिंपडू नये; तापलेल्या इंजिनात ते भलत्याच वेळी भडकते.

उपचारापेक्षा पथ्य स्वस्त असते. या विकाराचे पथ्य म्हणजे स्वच्छ डिझेल. प्लंजरची ती केसाहून बारीक फट वाढवणारा शत्रू म्हणजे डिझेलमधली धूळ आणि पाणी. पिंप झाकून, किंचित तिरपे ठेवावे, तळाचे डिझेल वापरू नये, ओतताना बारीक जाळीची गाळणी लावावी, फिल्टर वेळेवर बदलावा, आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे रात्री पाणी होत नाही. ही कामे घरातली मुलेही करू शकतात.

एक शेवटची गोष्ट. सरफोजी महाराजांना वैद्यकाचा, विशेषतः नेत्रचिकित्सेचा, मोठा नाद होता. डोळ्यांच्या रोग्यांविषयी त्यांनी ठेवविलेल्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महालात जपून ठेवलेल्या आहेत. रोग्याची तक्रार काय, डोळा कसा दिसला, काय उपचार केले, हे लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या रोग्याला मागच्याच्या अनुभवाचा लाभ होतो, ही दृष्टी त्यांच्यामागे आहे. दोनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या राजाने डोळ्यासाठी जे केले, ते आज तंजावरच्या किंवा तासगावच्या शेतकऱ्याने इंजिनासाठी करायला हरकत नाही. इंजिनाच्या खोपटात खिळ्याला एक वही टांगावी. इंजिन किती वाजता बंद केले, किती वेळाने पुन्हा हँडल मारले, धूर होता की नव्हता, कोणत्या रंगाचा, आणि काय केल्यावर सुरू झाले, एवढ्या पाच गोष्टी तीत लिहाव्यात. एका वेळी एकच बदल करावा, आणि तोही लिहावा. आठ दिवसांची अशी वही घेऊन शेतकरी मिस्त्रीकडे गेला, तर मिस्त्रीलाही अंदाज करीत बसावे लागणार नाही, आणि शेतकऱ्यालाही नको असलेल्या रिंगांचे पैसे मोजावे लागणार नाहीत.

मेट्टूरचे दरवाजे कधी उघडतील हे शेतकऱ्याच्या हाती नाही. वादळ कधी येईल हेही नाही. रोपवाटिका कोरडी पडत असताना, बाराच्या उन्हात, समोरचे तापलेले इंजिन मुके बसले म्हणजे त्याला लाथ मारावीशी वाटणे साहजिक आहे. पण ते तितके मुके नसते. धुराच्या रंगाने, नोझलच्या आवाजाने आणि हाताला लागणाऱ्या रेट्याने ते आपले दुखणे सांगतच असते. क्षणभर सावलीला बसून, डोके शांत ठेवून ते ऐकले, तर वाफ्याला भेगा पडायच्या आत पाणी पोहोचते.